घेऊन जा ना ताई

कुत्र्यांचा भाद्रपद हा आपल्याकडे चारचौघांत हसू दाबून बोलायचा विषय. भटक्या कुत्र्या-मांजरांसाठी काम करणारे आम्ही मात्र त्या महिन्यात बोटांवर हिशेब करतो. कुत्रीचे गाभणपणाचे दिवस साधारण ६३. भाद्रपदात ते मिळवले की येतो कार्तिक-मार्गशीर्ष, म्हणजे नेमकी नाशिकची थंडी. निफाडचा पारा किती घसरला याच्या बातम्या सुरू होतात, द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात, आणि त्याच सुमारास शहरभर पार्किंगमध्ये, अर्धवट बांधकामांवर, बंद टपऱ्यांखाली पिल्लं जन्माला येतात. मग आमचे फोन वाजायला लागतात.

"ताई, आमच्या बिल्डिंगखाली कुत्री व्यायलीये. सहा-सात पिल्लं आहेत. इतकी गोड आहेत ना! पण थंडीत बघवत नाही हो." इथवर ऐकताना बरं वाटतं. मग पुढचं वाक्य येतं. "तुम्ही घेऊन जा ना."

कुठे?

मी ज्या संस्थेबरोबर काम करते ती रीतसर नोंदणी झालेली आहे, तिचा लेटरहेड आहे, शिक्का आहे. प्रत्यक्षात ती म्हणजे शहराबाहेर भाड्याच्या जागेत उभे केलेले थोडे पिंजरे, एक पगारी मदतनीस दादा, बिलासाठी घाई न करणारे दोन डॉक्टर आणि नोकरी-कॉलेज-संसार सांभाळून जमेल तसे येणारे आम्ही. कुणी अंबडच्या कंपनीतून पहिली शिफ्ट संपवून थेट येतं, कुणी शाळेत शिकवतं, मी दिवसभर बँकेच्या काउंटरवर असते. फोन करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र हिरवळ, झाडं, दुधाने भरलेल्या वाट्या असं काहीतरी चित्र असतं. त्यात त्याची चूक नाही, आमच्यासारख्यांचे व्हिडिओ तसेच दिसतात. पण ते चित्र पुसणं मला कुत्रं पकडण्यापेक्षा जड जातं.

माणसं वाईट नसतात. कुडकुडणारं पिल्लू बघून त्यांच्या पोटात खरंच कालवतं. फक्त ते कालवणं थांबवायचा त्यांना ठाऊक असलेला उपाय एकच, तो जीव आपल्या नजरेसमोरून हलवणं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, हे आमच्या संस्थेच्या पाटीवर लिहावं असं मला अधूनमधून वाटतं.

शिवाय पिल्लं उचलून आणण्यात एक धोका असतो. त्याचं नाव पार्व्हो. काल उड्या मारणारं दीड-दोन महिन्यांचं पिल्लू आज कोपऱ्यात मान टाकून बसतं. आधी उलट्या, मग नुसता फेस, मग रक्ताचे जुलाब. त्या जुलाबांचा वास एकदा ओळखीचा झाला की दाराबाहेरूनच कळतं, आत काय वाढून ठेवलंय. या विषाणूला थेट मारणारं नेहमीचं औषध नाही. सलाईन लावायचं, उलटी थांबवायची, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक द्यायचं आणि पिल्लाचं शरीर लढेपर्यंत त्याला तगवायचं. अंगातलं पाणी कमी झालं की शीर बसते. डॉक्टर पुढच्या पायावरचे केस काढून, स्पिरिट लावून, बोटाने चाचपत शीर शोधतात, आणि आपण कोपराच्या पुढच्या बाजूला अंगठा दाबून पाय ताणून धरायचा. सुई टोचल्यावर पिल्लू केकाटलं तर आम्ही एकमेकांकडे बघून हसतो. बाहेरच्या माणसाला हे क्रूर वाटेल, पण केकाटण्याएवढा जीव उरलाय हीच त्या क्षणी चांगली बातमी असते.

हा विषाणू फिनेलला दाद देत नाही, त्याला ब्लीच लागतं. मातीत तर तो महिनोन्महिने दबा धरून राहतो. म्हणजे एक आजारी पिल्लू ज्या पिंजऱ्यात राहून गेलं, तिथे नंतर आलेलं धडधाकट पिल्लूही त्याच वाटेने जाऊ शकतं. वेगवेगळ्या गल्ल्यांतली, लस न झालेली पिल्लं दया म्हणून एका छपराखाली गोळा केली की काय होतं, हे ज्याने पाहिलंय तो "घेऊन जा" ला पटकन हो म्हणत नाही. आईच्या कुशीत, आईच्या दुधावर, आपल्याच गल्लीत ती जास्त सुरक्षित असतात. तर आम्ही फोनवर उलटा प्रश्न टाकतो. "तुम्ही काय करू शकाल?"

या प्रश्नावर निम्मे फोन कट होतात. उरलेल्या निम्म्यांवर आमची संस्था चालते.

पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीत असाच फोनवरून गेले होते. कुत्री मीटररूमच्या दारात व्यायलेली. चेअरमन भाऊंचं म्हणणं, इथे लहान मुलं खेळतात, एखाद्याला चावली तर जबाबदार कोण? हे म्हणणं रास्तच होतं. ओली बाळंतीण कुत्री पिल्लांना हात लावणाऱ्यावर धावून जातेच, त्यात तिचा स्वभाव काढण्यासारखं काही नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू "अहो, असू द्या बिचारीला" म्हणत होत्या, पण मजला तिसरा होता. वाद रंगला. शेवटी सुरगाण्याकडचे वॉचमन काका इतका वेळ गप्प उभे होते ते म्हणाले, "तो पाइप पडलाय ना मागं, त्यात बसंल ती." ड्रेनेजच्या कामातून उरलेला सिमेंटचा मोठा पाइप कंपाउंडच्या मागच्या बाजूला पडून होता. त्यांनी त्यात गोणपाट अंथरलं, त्यावर जुनी चादर टाकली, एका तोंडाला विटा लावल्या, आणि वरून निवडणुकीतला उरलेला फ्लेक्स ताणून बांधला. उमेदवार हात जोडून आकाशाकडे बघत होते, आणि माझ्या माहितीत त्यांचं एवढंच आश्वासन पुरं झालं. आम्ही फक्त एक-एक पिल्लू उचलून कुत्रीला दिसेल असं पाइपात नेऊन ठेवलं. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते असं म्हणतात. तसं काही होत नाही. ती हुंगत मागोमाग आली आणि आत जाऊन आडवी झाली.

मग फोन केलेल्या वहिनींना कामं वाटून दिली. आईला खायला घाला, पिल्लांना नको. नुसती दूध-पोळी नको, चिकनच्या दुकानातून पाय-मुंड्या आणून उकडा, हळद घाला, भातात कालवा. एखादं पिल्लू गार पडलेलं दिसलं तर आधी ऊब द्या, दूध नंतर, कारण गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही आणि घशात अडकायची भीती. दीड महिन्याची झाली की कळवा, आम्ही लस घेऊन येऊ. वहिनी शाकाहारी घरातल्या निघाल्या. मुंड्या उकडायचं काम वॉचमन काकांकडे गेलं, पैसे वहिनींनी दिले. एक पिल्लू गाडी मागे घेताना चाकाखाली गेलं. दोघांना घरं मिळाली. आईची नसबंदी झाली, ती आणि उरलेली तिथेच आहेत. आता त्या सोसायटीतून मला फोन येत नाहीत. शेजारच्या सोसायटीचे फोनही वहिनीच घेतात.

मांजरांचं प्रकरण याहून नाजूक. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. ती एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते, म्हणजे मधल्या वेळात एखादं पिल्लू जिन्यात एकटं ओरडत असणारच. नेमका तेव्हा कुणीतरी सहृदय माणूस ते खोक्यात घालून आमच्याकडे पोहोचवतो आणि तिकडे मांजर रिकाम्या जिन्यात हाका मारत फिरते. दोन-तीन तास लांबून नजर ठेवा, एवढंच आम्ही सांगतो. पावसाळ्यात एक जादा काम असतं. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायच्या. इंजिनची ऊब पिल्लांना फार आवडते.

उचलावंच लागतं अशा केसेस अर्थात असतात, आणि त्यात चर्चेला वाव नसतो. मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या शहराच्या पोटातून जातो. रात्री गाडीने उडवलेलं, मागचे दोन्ही पाय ओढत सर्व्हिस रोडच्या कडेला आलेलं कुत्रं तिथे सोडून कसं यायचं? किंवा अळ्या. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात हा सगळ्यात मोठा उद्योग. भांडणात झालेली साधी जखम, पण कानामागे किंवा मानेवर, जिथे कुत्र्याची जीभ पोहोचत नाही. माशी बसते, अंडी घालते, आणि दिवसाभरात तिथे वळवळ सुरू होते. बाहेरून रुपयाएवढं भोक दिसतं. आत बोटभर पोकळी असते. आधी बँडेजच्या पट्टीने तोंड बांधायचं, गाठ कानामागे. एकाने मान काखेत धरायची, दुसऱ्याने स्प्रे मारायचा. मग अळ्या वर यायला लागतात, श्वास घ्यायला. तेव्हा चिमट्याने एकेक काढायची, घाई केली तर ती मध्येच तुटते. खाली वर्तमानपत्र पसरलेलं असतं, त्यावर ढीग होतो. वासाने नवीन मुलं मागे सरकतात, पण साधारण अर्ध्या तासाने कुत्र्याच्या अंगातला ताठरपणा जातो आणि ते मान आपणहून तुमच्या हातावर टाकतं. पुढच्या वेळी तीच मुलं चिमटा मागून घेतात. एक विनंती मात्र इथे करतेच. जखमेवर फिनेल, रॉकेल ओतू नका. अळ्या मरोत न मरोत, कातडी जळते आणि कुत्रं ते चाटून विष पोटात घेतं.

या नव्या मुलांना आम्ही आधी लस घ्यायला पाठवतो. कुत्रं चावायच्या आधीच रेबीजची लस घेता येते, पहिल्या दिवशी, सातव्या आणि मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तरीही चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने घड्याळ लावून १५ मिनिटं धुवायची आणि पुन्हा डॉक्टर गाठायचा. मिरची, चुना, अंगारा यांतलं काही नको. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही, त्यामुळे "पिल्लाचाच तर दात लागलाय" म्हणून घरी बसणाऱ्या उत्साही मुलांवर मी सासूसारखी डाफरते.

बरं झालेलं कुत्रं पुन्हा त्याच जागी सोडायचं, यावरून होणारी भांडणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. केंद्राचे २००१ चे नियम होते, त्यांची जागा २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी घेतली. नसबंदी करा, रेबीजची लस द्या, ओळखीसाठी कानाला खाच मारा आणि जिथून उचललं तिथेच सोडा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला, त्याच महिन्यात तो बदलून पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची लस-नसबंदीनंतर परत सोडायला सांगितलं. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं अशा जागांमधली कुत्री हलवून तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. प्रत्येक आदेशाच्या दुसऱ्या दिवशी आमचे फोन. "आता कोर्टानंच सांगितलंय, केव्हा येताय?" सोसायट्या नोव्हेंबरच्या आदेशात नव्हत्या हे सांगून मी थकले.

परत का सोडायचं, तर कुत्र्यांची हद्द असते म्हणून. गल्लीतली ओळखीची, नसबंदी झालेली चार कुत्री उचलली आणि चिकनच्या दुकानाचा, चायनीजच्या गाड्यांचा उकिरडा तसाच राहिला, तर थोड्याच दिवसांत पलीकडच्या गल्लीतली अनोळखी, बिनलसीची आठ तिथे येतात. घंटागाडी दारात येऊनही पिशवी कोपऱ्यावर भिरकावणारे आणि "कुत्री फार झालीत" म्हणणारे पुष्कळदा एकाच घरातले असतात.

पण भीतीची थट्टा करणाऱ्या प्राणिमित्रांशीही माझं जमत नाही. सातपूरहून तिसरी शिफ्ट करून दुचाकीवर येणाऱ्या माणसाच्या मागे पहाटे पाच-सहा कुत्री लागली, तो पडला, हात मोडला, तर त्याला भूतदयेचं प्रवचन द्यायचा हक्क कुणाला आहे? आणि दुसऱ्याच्या फाटकासमोर भात ओतून निघून जाणाऱ्या दयाळू लोकांचा मला मनापासून राग येतो. त्याच नियमांत लिहिलंय की खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, प्रवेशद्वारापासून लांब हवी आणि वेळ ठरलेली हवी. नामदेवांनी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, हे खरं. त्या कुत्र्याला त्यांनी शेजाऱ्याच्या ओसरीवर नेऊन जेवू घातलं, असं कुणी सांगत नाही.

राहता राहिली घरं. गल्लीत ज्यांचा टिकाव लागणार नाही त्यांच्यासाठीच आम्ही घरं शोधतो. आई मेलेली पिल्लं, तीन पायांची, आंधळी, आणि ज्यांना रस्ता म्हणजे काय हेच ठाऊक नाही अशी विकतची कुत्री. लॉकडाऊनमध्ये हौसेने आणलेले हस्की नाशिकच्या चाळीस अंशांत धापा टाकत गंगापूर रोडला फिरताना आम्ही पाहिलेत. पिल्लं काढून झाल्यावर सोडून दिलेल्या लॅब्रॅडोर माद्याही, थानं लोंबलेल्या. पाळलेला प्राणी उपाशी मरेल असा टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. कॉलेज रोडला एवढ्यात धड कॉफीही येत नाही.

रविवारी दत्तक शिबिर भरतं. मांडव, चार खोकी, सेल्फी काढणारे पुष्कळ. प्रश्न ठरलेले. "ब्रीड कोणतं?" गावठी. "नर आहे ना?" मादी आहे, नसबंदी आम्ही करून देऊ. "पांढरं नाही का?" काळ्या कुत्र्याला शनिवारी पोळी घालायला लोक मैलभर फिरतात, घरात न्यायला मात्र काळी पोर कुणाला नको. खोक्यात शेवटी उरते ती काळी मादी, दर वेळी. मग फॉर्म, घरमालकाची परवानगी आहे का, गावाला गेलात की कोण बघणार, घरातल्या सगळ्यांना हवंय की फक्त मुलाचा हट्ट आहे. लोक चिडतात. "मुलीच्या लग्नात एवढी चौकशी केली नव्हती!" एकदा एका काकांनी असं म्हटल्यावर शेजारी उभ्या काकू पुटपुटल्या, "तेच चुकलं." त्या घरी आम्ही पिल्लू दिलं. काकू खमक्या होत्या.

सगळ्यात अवघड नकार मळेवाल्यांना द्यावा लागतो. दिंडोरी, निफाड, दारणाकाठ, कुठूनही फोन येतो. "आमच्याकडं द्या ना, पाच एकर आहे, मोकळं हिंडंल." शहरातल्या वन बीएचकेपेक्षा हे स्वर्गासारखं वाटतं. विचारायचा प्रश्न एकच असतो, रात्री कुठे असेल? "खळ्यावर बांधू. राखण नको का?" आणि तिथेच उत्तर मिळतं. या पट्ट्यात उसात बिबट्या आहे, आणि कुत्रं हे त्याचं सोपं खाणं. साखळीला बांधलेलं कुत्रं पळूही शकत नाही. धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा उगाच घालत नाहीत. शेतकऱ्याचीही अडचण खरी आहे, त्याला रात्री मोटर चालू करायला अंधारात जावं लागतं, भुंकून सावध करणारं कुणीतरी हवंच असतं. पण मग रात्री बंद होणारी पक्की खोली दाखवा, दार-कडी दाखवा, आम्ही येऊन बघतो, असा आमचा हेका. पिंपळगावजवळच्या एका बागायतदार दादांनी फवारणीचं सामान ठेवायची खोली रिकामी करून, औषधं दुसरीकडे हलवून फोटो पाठवला होता. खोलीला खिडकी होती, खिडकीला जाळी होती. त्यांच्याकडे आम्ही दोन काळ्या माद्या एकदम दिल्या. महिन्याला फोटो येतो, त्यात द्राक्षं जास्त आणि कुत्र्या कमी असतात.

सध्या आमचा मुक्काम गोदाघाटावर आहे. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. गर्दी वाढायच्या आत रामकुंड ते टाळकुटेश्वर पुलापर्यंतची जमतील तेवढी कुत्री लस आणि नसबंदी करून त्यांच्या त्यांच्या जागी परत आणायची, असं ठरवलंय. पहाटे जातो, भाविक यायच्या आत. घाटावरची कुत्री आमच्या हाताला लागत नाहीत, पण तिथल्या माणसांच्या हाकेला येतात. द्रोणात फुलं-दिवे विकणाऱ्या एका मावशींचा पांडू नावाचा बोका कुत्रा आहे, म्हणजे अंगाने बोक्यासारखा. त्याला गाडीत घालायला गेलो तर मावशी आडव्या.

"कुठं घेऊन चालले रे त्याला?"

"मावशी, ऑपरेशन करून पाचव्या दिवशी आणून सोडतो."

"आणशीन याची काय ग्यारंटी?"

आमच्यातल्या कॉलेजच्या पोराने ओळखपत्र दाखवलं. मावशींनी ते उलटंसुलटं बघून परत दिलं आणि त्याच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं. "हे राहू दे माझ्याकडं. पांडू आला का घेऊन जाय." हेल्मेट फुलांच्या टोपलीमागे गेलं, पांडू गाडीत बसला. त्यानंतर रोज संध्याकाळी मावशींचा फोन. जेवला का, टाके सुकले का, थंडी वाजते त्याला, अंगावर घाला काहीतरी. पाचव्या दिवशी पांडू कानाला खाच घेऊन घाटावर उतरला आणि हेल्मेट परत मिळालं, आत झेंडूच्या पाकळ्यांसकट. मधल्या दिवसांत मुंबई नाक्यावर त्या पोराला विनाहेल्मेटची पावती फाडावी लागली होती. ती संस्थेच्या खर्चात धरायची की नाही, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.